मायक्रोवेव्हमधे ठिणग्या आणि नंतरचे दोन आठवडे

परवा मैत्रिणीचा फोन आला, अगं तुझ्या मायक्रोवेव्हमधे ठिणग्या आल्या होत्या ना, मग काय केलंस, टाकून दिलास का? तिच्याकडे तेच सुरू झालंय म्हणे. तिला पाऊण तास सगळं सांगितलं, कान गरम झाला माझा, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे लिहूनच ठेवावं, पुढच्या वेळी कोणी विचारलं की नुसती लिंक पाठवता येईल.

तर झालं असं. वाडगाभर सूप गरम करायला ठेवलं होतं, दोन मिनिटं लावलेली, आणि अर्ध्या मिनिटातच आतल्या उजव्या भिंतीवर चट् चट् चट् करत निळ्या-पिवळ्या ठिणग्या, जणू आत कोणीतरी वेल्डिंग करतंय, आणि वर करपलेला असा काही वास की नवरा बाहेरच्या खोलीतून ओरडला "काय जाळलंस?" मी काही जाळलं नव्हतं हो. स्टीलचा चमचा राहिला का बघितलं, नव्हता. वाडगा तोच, रोजचा. बंद केलं, प्लग काढला आणि मान आत घालून टॉर्च मारला, तर उजव्या भिंतीवर जो तपकिरी पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा असतो ना, त्याच्या मधोमध काळं भोक पडलेलं आणि भोवती कोळशासारखी कड.

बऱ्याच जणांना तो तुकडा पॅकिंगमधून राहून गेलेला पुठ्ठा वाटतो. माझ्या एका बहिणीने तर नवीन आणल्या आणल्या "हा पुठ्ठा काढायचा राहिला यांचा" म्हणून उचकटून टाकला होता. तो पुठ्ठा नाही, अभ्रक आहे. त्याच्या मागे धातूची एक पोकळ नळी असते, वेव्हगाइड म्हणतात तिला, आणि तिच्या टोकाला मॅग्नेट्रॉन, म्हणजे जिथे त्या लहरी तयार होतात तो भाग. लहरी अभ्रकातून आरपार येतात, पण वाफ आणि तेलाचे शिंतोडे तिकडे जात नाहीत, खिडकीला लावलेल्या काचेसारखं काम आहे त्याचं. आणि अभ्रक काही असातसा जळत नाही, ५०० अंश सेल्सिअस सहज झेलतो. मग माझा कसा जळला?

तर तो अभ्रक जळत नाही, त्याच्यावर बसलेलं तेल जळतं. दोन-तीन वर्षं रोज थोडं थोडं उडत राहिलं, मी आतली थाळी घासायचे, आतल्या तळावरून फडकं फिरवायचे, पण त्या "पुठ्ठ्या"ला हात लावायला भीती वाटायची म्हणून तो तसाच. एकदा का तेलाचा एक ठिपका करपून काळा झाला की तो झाला कार्बन, आणि कार्बन लहरी शोषून घेतो, म्हणजे तो ठिपका बाकीच्यापेक्षा जास्त तापतो, जास्त तापला की शेजारचं तेल करपतं, म्हणजे ठिपका मोठा, म्हणजे अजून तापतो, असं करत करत एक दिवस तिथून ठिणगी उडते आणि ठिणगीने मात्र अभ्रकालाही भोक पडतं. महिनाभर आधी बघितलं असतं तर ओल्या फडक्याने पुसून काम झालं असतं.

सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती पुढची, आणि मीही करणार होते. "जाऊ दे, थोड्याच ठिणग्या आहेत, काम तर होतंय" म्हणून तसंच वापरत राहणं. किंवा तो जळका तुकडा काढून टाकून तसंच चालवणं. तसं केलं तर तेल आणि वाफ थेट वेव्हगाइडमधे, तिथून मॅग्नेट्रॉनच्या टोकावर जी धातूची टोपी असते तिच्यावर, आणि ती टोपी जळली-वितळली की मग कात्रीने कापायच्या एका तुकड्याचं काम उरत नाही.

तुकडा बदलणं खरंच सोपं आहे. अभ्रकाचे मोठे कागद मिळतात, स्पेअर पार्टवाल्याकडे किंवा ऑनलाइन, साधारण पत्त्याच्या पानापेक्षा थोडे जाड आणि हातात कडक, कुरकुर करणारे. प्लग काढला (बंद करणं वेगळं, प्लग काढणं वेगळं, मी दोन्ही केलं), जुना तुकडा एका स्क्रूवर आणि दोन खाचांवर बसला होता, तो हलक्या हाताने काढला कारण जुना झाला की पापडासारखा मोडतो आणि मोडला तर माप जातं. जुना नव्यावर ठेवून बाहेरची रेघ मारली. इथे एक गोष्ट, रेघ पेन्सिलने मारू नका, पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, तोही कार्बनच, आपण ज्याच्यापायी एवढा उपद्व्याप करतोय तेच स्वतःच्या हाताने लावल्यासारखं होईल. मी सुईने ओरखडा काढला. साध्या कात्रीने कापलं. कापताना कडा पदरापदराने सुटतात, मग पॉलिश पेपरचे दोन हलके हात मारले. स्क्रूसाठीचं भोक पाडताना पहिला तुकडा चिरला, दुसऱ्याला आधी सुईने टोचून मग हळूहळू मोठं केलं तेव्हा जमलं. बसवण्याआधी मागची भिंत आणि वेव्हगाइडचं तोंड जिथपर्यंत बोट सहज पोचतं तिथपर्यंत साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं केलं, तिथलं काळं राहिलं तर नवा तुकडाही महिन्याभरात तसाच.

तारेचा काथ्या वापरू नका बरं का. घासून निघतं छान, पण त्याचे केसाएवढे तुकडे आत कुठेतरी अडकून राहतात आणि मग त्यांच्याच ठिणग्या.

आता त्या भिंतीवर, अभ्रकाच्या खाली, जिथे ठिणगी आपटत होती तिथे रंगाचा टिकलीएवढा पोपडा उडाला होता आणि आतलं पत्र्याचं अंग दिसत होतं. हेही तसंच सोडायचं नसतं, कारण उघड्या पत्र्याला वाफ लागते, गंज चढतो, गंजाच्या खडबडीत कडेवर परत ठिणगी, आणि पुढे तिथे भोक. यासाठी मायक्रोवेव्हच्या आतला वेगळा रंग मिळतो, छोट्या बाटलीत. घरातला उरलेला ऑइलपेंट चालत नाही, चंदेरी-सोनेरी रंग तर अजिबात नाही, त्यात धातूची पूड असते. काळं आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला, कडेचा चांगला रंगही थोडा घासला म्हणजे नवा रंग धरतो, तेलकटपणा पुसला, एक पातळ हात, सुकल्यावर दुसरा पातळ हात. एकच जाड थर दिला तर फुगा येतो. पूर्ण एक दिवस दार उघडं ठेवून सुकवला, घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की हात लावायचा नाही, आणि नंतर आधी नुसतं पाण्याचं भांडं ठेवून एक मिनिट चालवून बघितलं. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे ओव्हनसारखं भाजणारा, असेल तर बाटलीवर किती तापमानापर्यंत चालतो ते वाचा, बरेचसे असे रंग साध्या मायक्रोवेव्हपुरतेच असतात, कन्व्हेक्शनच्या दोनशे-सव्वादोनशे अंशाला ते टिकणार नाहीत. आणि गंजाने पत्रा आरपार खाल्ला असेल, किंवा गंज दाराच्या चौकटीपाशी असेल, तर रंगबिंग काही नाही, तो डबा गेला समजायचा.

इथपर्यंत मी एकदम खूश. ठिणग्या बंद. नवऱ्याला दाखवून झालं, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवून झालं.

पण मूळ दुखणं वेगळंच होतं. गेले दोन-तीन महिने हा मायक्रोवेव्ह मधेच बंद पडायचा. सहा-सात मिनिटं लावलं की चौथ्या-पाचव्या मिनिटाला गार, म्हणजे दिवा चालू, थाळी फिरतेय, पण पदार्थ काही तापत नाही, कधी कधी तर पूर्णच मान टाकायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू. मी लाइटला दोष देत होते. खरं तर अर्ध्या तासाने आपोआप बरा होणारा मायक्रोवेव्ह म्हणजे ताप आलेला मायक्रोवेव्ह. आत मॅग्नेट्रॉनला चिकटून एक बटणाएवढा थर्मोस्टॅट असतो, ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो सर्किट तोडतो आणि निवलं की परत जोडतो. काही ठिकाणी एकदाच उडणारा असतो, तो परत जोडला जात नाही, बदलावाच लागतो. माझा बिचारा रोज तोडत होता, जोडत होता, आणि मी रोज त्याला परत स्टार्ट मारत होते.

ताप कुठून येतो तर हिशोब असा. डब्यावर ८०० वॉट लिहिलंय ते आतल्या पदार्थाला मिळणारे. सॉकेटमधून तो ओढतो १२००-१३०० वॉट. मधले चार-पाचशे वॉट उजव्या बाजूच्या त्या बंद कप्प्यात, मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात जातात, म्हणजे शंभर वॉटचे जुने चार-पाच पिवळे बल्ब एका डब्यात कोंबून लावल्यासारखं. त्याला थंड ठेवायला असतो एक छोटासा पंखा. पर्सी स्पेन्सर नावाचा माणूस, १९४५ मधे रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यावरून हे सगळं सुरू झालं, ती गोष्ट बहुतेकांना माहिती असते. पण १९४७ चा तो पहिला विकायला काढलेला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच, जवळजवळ ३४० किलोचा होता, आणि त्यातला मॅग्नेट्रॉन थंड करायला चक्क पाण्याची लाइन जोडावी लागायची. ते काम आता तो वीतभर पंखा करतो, आणि आपण त्याच्या तोंडावर काय काय ठेवतो!

मी काय ठेवलं होतं सांगते. मायक्रोवेव्ह ओट्याशेजारच्या फडताळाच्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी लाकूड, मागे भिंत जेमतेम दोन बोटं. वरती हवा जायला चार बोटं जागा होती तर तिथे मी रिकाम्या डब्यांची झाकणं सरकवलेली. आणि त्याच्यावरून धूळ बसू नये म्हणून एक भरतकामाचा रुमाल, जो मागच्या बाजूने खाली लोंबत बरोब्बर हवेच्या जाळीवर. एवढा देखणा रुमाल आणि एवढं वाईट काम. रुमाल उचलला तर मागची जाळी दिसेचना, तेलकट धुळीचा जाडसर थर, फेल्टच्या कापडासारखा सोलून निघाला. माझ्या मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की वर २० सेंटीमीटर, मागे १० आणि बाजूंना ५ मोकळे ठेवा. मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पिशवी पहिल्यांदा उघडली ती त्या दिवशी. तुमच्या मॉडेलचे आकडे वेगळे असतील, कप्प्यात बसवायचे वेगळेच मॉडेल येतात, पण साधा मायक्रोवेव्ह कप्प्यात कोंबायचा नसतो एवढं नक्की.

धूळ बाहेरून काढली, व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशने, प्लग काढून. कव्हरच्या स्क्रूला मी हात लावला नाही, आणि इथे मी फार कडक आहे. दार उघडल्यावर जे दिसतं ते माझं, स्क्रू काढल्यावर जे दिसतं ते माझं नाही. आत ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट करतो, कपॅसिटर (वीज साठवून धरणारा भाग) आणि डायोड मिळून ते मॅग्नेट्रॉनपाशी ४००० च्या आसपास नेतात, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर चार्ज धरून बसलेला असू शकतो. त्यात चार्ज उतरवायचा रेझिस्टर असतो बहुतेक वेळा, पण तोच गेलेला असेल तर? टीव्ही, मिक्सर, इस्त्री खोलून बघणाऱ्या धाडसी मंडळींनी सुद्धा हा एक डबा सोडून द्यावा. व्हिडिओत बघून स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करणारे लोक बघितलेत मी, माझ्या तर अंगावर काटा येतो.

धूळ काढून आणि जागा बदलूनही तो कमी तापवतो असं वाटत होतं, पण नुसत्या वाटण्यावर दुरुस्तीवाल्याला काय सांगणार. मग एक सोपी टेस्ट केली. एक लिटर गार पाणी काचेच्या वाडग्यात मोजून घेतलं, थर्मामीटरने तापमान बघितलं (स्वयंपाकाचा थर्मामीटर, तापाचा नव्हे), पूर्ण पॉवरवर बरोबर ६२ सेकंद चालवलं, चमच्याने ढवळून लगेच परत तापमान. जेवढे अंश वाढलं त्याला ७० ने गुणायचं, ते साधारण वॉट. माझं २४ वरून ३० झालं. सहा अंश. म्हणजे सव्वाचारशे वॉट, ८०० च्या डब्यातून. नीट केली तरी थोडी इकडेतिकडे होते ही टेस्ट, पण निम्मं काही होत नाही.

मग दुरुस्तीवाले आले. पहिला जो आला त्याने कव्हर उघडून दोन मिनिटांत निदान केलं, "थर्मोस्टॅट खराब आहे ताई, डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे दोन वायरी एकमेकींना जोडून मधला थर्मोस्टॅट काढून टाकायचा, मग बंद पडायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं दादा, तो तापतो म्हणून थर्मोस्टॅट तोडतोय, थर्मोस्टॅटमुळे तापत नाहीये. त्याला ते फारसं पटलं नाही. चहा पिऊन गेला. हे लक्षात ठेवा, डायरेक्ट हा शब्द ऐकला की त्या माणसाला नमस्कार करून वाटेला लावायचं. थर्मोस्टॅट खरंच गेला असेल तर त्याच्यावर जे तापमान छापलेलं असतं त्याच आकड्याचा नवीन टाकायचा, जास्त आकड्याचाही नाही.

दुसरे जे आले ते वयस्कर होते, शांतपणे कपॅसिटर डिस्चार्ज केला, मला म्हणाले तुम्ही जरा तिकडे उभ्या राहा, आणि मग मॅग्नेट्रॉनवरच्या दोन वायरी ओढून दाखवल्या. एक अगदी अलगद हातात आली. तिच्या टोकाची ती पत्र्याची क्लिप निळी-तपकिरी पडलेली, वरचं प्लास्टिक वितळून कडक झालेलं. "हे बघा, हा ढिला होता." त्या दोन वायरींतून फिलामेंटला, म्हणजे मॅग्नेट्रॉनच्या आतल्या तापणाऱ्या तारेला, करंट जातो, व्होल्ट तीन-साडेतीनच पण करंट दहा अँपिअरच्या आसपास, आणि एवढा करंट ढिल्या जोडातून गेला की जोडच तापतो. तापला की क्लिपचा ताण जातो, अजून ढिली होते, अजून तापते. अभ्रकावरच्या त्या ठिपक्याचंच चुलत भावंड. त्यांनी दोन्ही क्लिप कापून नवीन घट्ट दाबून बसवल्या, मॅग्नेट्रॉनची पिन घासून साफ केली, पंख्याची पाती पुसली, त्याचा आस कोरडा पडला होता तिथे तेलाचा एक थेंब दिला, आणि मॅग्नेट्रॉनचे मॅग्नेट तडकलेत का ते टॉर्चने बघितलं. सारखं तापून ते गोल मॅग्नेट तडकतात म्हणे, तडकले की मॅग्नेट्रॉन बदलण्यावाचून इलाज नाही आणि मग तो खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर जायला लागला तर मी तरी नवीनच घेईन. माझे शाबूत होते. नशीब.

प्लग बघायलाही त्यांनीच सांगितलं. मी कधी बघितला नव्हता. मायक्रोवेव्ह एका एक्स्टेंशन बोर्डवर होता, त्याच बोर्डवर किटली. प्लगची एक पिन काळसर आणि बोर्डाच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं पडून थोडं फुगलेलं. तिथेही तेच, ढिला जोड. आता मायक्रोवेव्ह भिंतीतल्या जाड सॉकेटवर एकटा आहे. एक सांगते, जळकं सॉकेट बदललं आणि जळका प्लग तसाच ठेवला तर नवं सॉकेटही जळतं, दोन्ही एकदम बदला. आणि दहा मिनिटं चालवल्यावर प्लगला हात लावून बघायचा, कोमट ठीक, चटका नको.

आता वापरताना काय बदललं ते. रिकामा चालवायचा नाही हे सगळ्यांना माहिती असतं, पण "जवळजवळ रिकामा" हे कोणी धरत नाही. चमचाभर लोणी वितळवायला एक मिनिट, पावाचा अर्धा तुकडा दोन मिनिटं, हे त्याच्या दृष्टीने रिकामंच. शोषायला काही नाही म्हटल्यावर लहरी आपटत आपटत परत मॅग्नेट्रॉनकडे जातात आणि तो स्वतःच तापतो. मी आता असं काही बारीकसारीक असलं की शेजारी अर्धा कप पाणी ठेवते आणि पॉवर कमी करते. आमच्याकडे मुलाला तो अभ्यासाचा टायमर म्हणून वापरायची सवय होती, वीस मिनिटं लावून स्टार्ट! त्याचा खुलासा या प्रकरणात झाला. किचन टायमरचं वेगळं बटण असतं रे बाबा.

लागोपाठ लावायचं असेल तर मधे पाच-दहा मिनिटं. कन्व्हेक्शन किंवा ग्रिल झाल्यावर पंखा आपोआप चालू राहतो तो थांबेपर्यंत मागून बटण बंद करायचं नाही, आणि कन्व्हेक्शन संपल्या संपल्या मायक्रोवेव्हचं प्लास्टिकचं भांडं आत ठेवायचं नाही, भिंती अजून दोनशेच्या आसपास असतात, ते भांडं बुडातून बसकण मारतं. माझं एक बसलंय. वितळलेलं प्लास्टिक गरम असताना पुसायला जाल तर सगळीकडे पसरेल, पूर्ण गार होऊ द्या, वरून बर्फाची पिशवी पाच मिनिटं ठेवा, मग लाकडी उलथन्याने कडेने टकटक केलं की पापुद्र्यासारखं निघतं.

थाळी अडखळत, टक् टक् करत फिरत असेल तर खालची रिंग काढून चाकं बघा, एखादं तापून चपटं झालेलं असतं, आणि मधला प्लास्टिकचा तीन पाकळ्यांचा कपलर, तोही वितळून पाकळी गोल होते. दोन्ही सुटे मिळतात, दोन्ही नुसते ठेवायचे असतात, स्क्रूसुद्धा नाही. गरम काचेची थाळी ओल्या ओट्यावर ठेवू नका, तडकते, हे वेगळं सांगायला नको पण सांगते कारण माझी तडकली आहे.

भांडं चालेल का याची शंका असेल तर ते रिकामं भांडं आणि शेजारी पाणी भरलेला काचेचा ग्लास, एक मिनिट. पाणी गरम आणि भांडं गार तर भांडं चांगलं. भांडंच तापलं तर ते लहरी शोषतंय, त्याला रजा.

आत खरंच आग लागली, पॉपकॉर्नची पिशवी पेटू शकते, तर दार उघडायचं नाही. हवा मिळाली की भडकते. बंद करायचं, प्लग काढायचा, काचेतून बघत उभं राहायचं. बंद डब्यात आपोआप विझते, दोन मिनिटं फार मोठी वाटतात तेवढी.

आणि दार. बाकी सगळं मी जुनं चालवून घेईन, दार नाही. काचेतल्या त्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची असतात आणि लहरींची लांबी बारा सेंटीमीटरच्या वर, म्हणून त्या बाहेर येत नाहीत. जाळी जळून भोक पडलं, आतलं प्लास्टिक वितळून दार नीट बसत नाही, बिजागरी वाकली, तर चिकटपट्टी, एम-सील, काही लावायचं नाही, नवीन दार मिळालं तर ठीक नाहीतर निरोप. मैत्रीण म्हणाली मी आत मोबाइल ठेवून रिंग देऊन बघितली, वाजला, म्हणजे लीक आहे ना? नाही ग. मोबाइलला खणखणीत वाजायला फार फार थोडा सिग्नल पुरतो, आणि तो बऱ्याचदा वेगळ्याच फ्रिक्वेन्सीवर असतो. मायक्रोवेव्ह लावला की वायफाय अडखळतं तेही दोघं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात म्हणून, कायद्याने परवानगी असलेल्या चिमूटभर गळतीनेही अडखळतं. खरी शंका असेल तर मीटर असलेल्या माणसाकडून मोजून घ्यायचं, दारापासून पाच सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला पाच मिलिवॉटच्या आत हवं.

दुरुस्तीवाले काका गेले त्याच संध्याकाळी परत तोच वाडगा, तेच एक लिटर पाणी, तेच ६२ सेकंद. पंख्याचा आवाज आधी घरघर असायचा, आता नुसता वारा. २३ वरून ३४ झालं. अकरा. उरलेला अभ्रकाचा कागद ड्रॉवरमधे आहे, निदान चार तुकडे निघतील, त्यातला एक उद्या मैत्रिणीला देणार आहे. आणि रुमाल आता टीपॉयवर आहे.